1908 चा बेसबॉल हंगाम : फ्रेड मर्कल चुकला की पंच?

नदीकाठ (धागाकर्ता)

शिकागोच्या उपनगरात राहायला येऊन मला बरीच वर्षे झाली, पण बेसबॉलशी माझा संबंध केवळ कचेरीतल्या गप्पांपुरता होता. 2016 च्या नोव्हेंबरात कब्ज संघाने विश्वमालिका जिंकली, त्या रात्री आमच्या शेजारचे सत्तरीचे गृहस्थ अंगणात खुर्ची टाकून एकटेच रडत बसले होते. याआधीचे विजेतेपद 1908 सालचे, म्हणजे 108 वर्षांपूर्वीचे, हे मला त्या रात्री समजले आणि त्यानंतर मी त्या जुन्या हंगामाच्या मागे लागलो. त्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

23 सप्टेंबर 1908, न्यूयॉर्कचे पोलो ग्राउंड्स. नॅशनल लीगमध्ये न्यूयॉर्क जायंट्स, शिकागो कब्ज आणि पिट्सबर्ग पायरेट्स हे तीन संघ अगदी खांद्याला खांदा लावून धावत होते. जायंट्स आणि कब्ज यांच्या सामन्यात नववा, म्हणजे शेवटचा डाव चालू होता. धावसंख्या 1-1, जायंट्सचे दोन गडी बाद. मॅकॉर्मिक तिसऱ्या बेसवर (बेस म्हणजे धाव पूर्ण करताना शिवायचा थांबा), एकोणीस वर्षांचा फ्रेड मर्कल पहिल्या बेसवर. नेहमीचा फ्रेड टेनी कंबर धरल्यामुळे बसला होता, आणि त्या हंगामात पहिल्या बेसवर सुरुवातीपासून खेळण्याची मर्कलची ती पहिलीच वेळ होती. अल ब्रिडवेलने चेंडू मधोमध मैदानात मारला, मॅकॉर्मिकने धाव पूर्ण केली, प्रेक्षक मैदानात घुसले. सामना संपला असे समजून मर्कल दुसऱ्या बेसपर्यंत न जाता अर्ध्या वाटेवरून ड्रेसिंग रूमकडे पळाला. कब्जचा जॉनी एव्हर्स चेंडू, चेंडू म्हणून ओरडत राहिला, त्या गर्दीत कुठूनसा एक चेंडू त्याच्या हातात आला, आणि तो दुसऱ्या बेसवर पाय ठेवून उभा राहिला. पंच हँक ओडे याने मर्कलला बाद दिले. बादी तिसरी, म्हणून धाव रद्द आणि सामना बरोबरीत.

पुढे हाच सामना 8 ऑक्टोबरला पुन्हा खेळवावा लागला, तो कब्जने जिंकला आणि लीगचे अजिंक्यपद व त्याबरोबर विश्वमालिकेची संधीही त्यांच्याकडे गेली. मर्कलला आयुष्यभर ‘मठ्ठ’ हे बिरुद चिकटले. माझे मत असे की त्या काळी सगळेच खेळाडू असे पळत असत, त्यामुळे हा निकाल अन्यायाचा होता. आपल्याला काय वाटते?

आंबाडी

म्हणजे डबा ऐसपैसमध्ये आई जेवायला हाक मारते म्हणून आपण घरी जावे, आणि ज्याच्यावर राज्य आहे त्याने आपण गेल्यावर अंधारात ‘ऐसपैस’ म्हणून डबा आपटावा, तसा प्रकार झाला. आमच्या वाड्यात एकाने असे केले होते. त्याच्याशी आम्ही आठवडाभर बोललो नाही.

निवृत्त पंच

मी जिल्हा पातळीवर बावीस वर्षे क्रिकेटची पंचगिरी केली आहे, तेव्हा पंचाची बाजू मांडणे मला भाग आहे.

आधी नियम पाहू. फलंदाजाने चेंडू मारून पहिल्या बेसकडे धाव घेतली की तिथे आधीपासून उभ्या असलेल्या खेळाडूला जागा मोकळी करून दुसऱ्या बेसकडे जावेच लागते. तो तिथे पोचण्याआधी चेंडू त्या बेसवर आला, तर तो बाद. याला फोर्स आउट म्हणतात. डावातली तिसरी बादी अशी असेल, तर त्या चेंडूवर निघालेली धाव मोजली जात नाही. हा नियम 1908 मध्ये छापील नियमावलीत होता. एव्हर्सने तो शोधून काढला नाही, फक्त त्यावर बोट ठेवले.

नदीकाठ यांनी एक महत्त्वाची गोष्ट सांगितलेली नाही. यापूर्वी एकोणीस दिवस, म्हणजे 4 सप्टेंबरला, पिट्सबर्गमध्ये हुबेहूब असाच प्रसंग घडला होता. कब्ज आणि पायरेट्स यांचा सामना दहाव्या डावात गेला होता. चीफ विल्सनने विजयी फटका मारला, फ्रेड क्लार्कने धाव घेतली, आणि पहिल्या बेसवरचा वॉरन गिल दुसऱ्या बेसला न शिवता मैदानाबाहेर निघाला. एव्हर्सने त्याही दिवशी चेंडू घेऊन बेसवर पाय ठेवला आणि दाद मागितली. मैदानावर एकच पंच होता, आणि तो हाच ओडे. गिलकडे आपले लक्ष नव्हते, आणि न पाहिलेली बादी आपण देणार नाही, असे त्याने सांगितले. कब्जने लीगचे अध्यक्ष हॅरी पुलियम यांच्याकडे तक्रार केली, तीही फेटाळली गेली.

आता त्या पंचाच्या जागी उभे राहून पाहा. सामना संपल्यावर तो खोलीत एकटा बसला असेल आणि आपण पाहायला हवे होते, हे त्याला आतून टोचत असेल. हे मी अनुभवाने लिहितो आहे. तालुक्याच्या एका सामन्यात मी एक स्पष्ट धावबाद पाहिला नाही, कारण माझी नजर चेंडूवरच राहिली होती. पुढच्या आठ दिवसांत मी घरच्या अंगणात विटा मांडून पंचाने कुठे उभे राहावे याचा सराव केला, आणि आमच्या मंडळींनी मला वेड्यात काढले. 23 तारखेला ओडेची नजर दुसऱ्या बेसकडे होती, यात मला काडीचेही आश्चर्य वाटत नाही.

शेवंता

पंचकाका, आपला मान राखून असहमत आहे. नियम पुस्तकात असणे वेगळे आणि तो लागू असणे वेगळे. वर्षानुवर्षे सगळे पंच एखादी गोष्ट चालवून घेतात, तेव्हा खेळाडूला तीच रीत कळते, आणि ती बदलायची असेल तर आधी दवंडी पिटावी लागते. 4 तारखेनंतर लीगने सर्व संघांना ‘यापुढे हा नियम काटेकोर पाळला जाईल’ असे बजावले असते, तर मीच मर्कलला दोष दिला असता.

शिवाय मर्कल का पळाला, हेही बघायला हवे. पोलो ग्राउंड्सची ड्रेसिंग रूम मैदानाच्या दूरच्या टोकाला, सेंटर फील्डच्या पलीकडे होती, आणि सामना संपला की प्रेक्षक मैदानातूनच चालत बाहेर पडत. म्हणजे शेवटचा चेंडू पडताच हजारो माणसे गवतावर उतरणार, आणि खेळाडूंना त्या लोंढ्याच्या आधी मैदान ओलांडायचे. त्याने आळस केला नाही, तो गर्दीच्या पुढे जिवाच्या आकांताने पळत होता. मैदानाचा नकाशा काढणाऱ्याला आपण कधीच मठ्ठ म्हणत नाही.

क्रिकेटमधलेच उदाहरण देते. 1974 मध्ये पोर्ट ऑफ स्पेनला दिवसाचा शेवटचा चेंडू झाल्यावर कालिचरण तंबूकडे चालू लागला, टोनी ग्रेगने यष्ट्या उडवल्या आणि पंचाने बाद दिले. नियमाप्रमाणे निकाल अचूक होता, पण संध्याकाळी चर्चा होऊन अपील मागे घेतले गेले आणि कालिचरण दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला आला. 2011 मध्ये ट्रेंट ब्रिजवर इयन बेलही चहापान झाले असे समजून निघाला, धावबाद झाला, आणि धोनीने अपील मागे घेतले. एव्हर्स, कप्तान चान्स आणि कब्जच्या मालकांपैकी कोणालाच असे करावेसे वाटले नाही.

निवृत्त पंच

शेवंताताई, अपील मागे घेण्याची सोय क्रिकेटमध्ये आहे, म्हणून ते शक्य झाले. आणि हेही लक्षात घ्या की दोन्ही प्रसंगांत पंचांनी आधी बादच दिले होते. मनाचा मोठेपणा दाखवायचा तो कर्णधाराने. पंच मोठ्या मनाचा झाला, की खेळ बुडाला.

तिरकस

आमच्या सोसायटीच्या क्रिकेटमध्ये अपील मागे घेतले जाते, पण ते बॅट ज्याच्या मालकीची असेल त्याच्याच बाबतीत.

आकडेमोड

चर्चा एका मुलाच्या पायाभोवती फिरते आहे. जरा हंगामाकडे पाहू या.

अखेरचा तक्ता असा : कब्ज 99 विजय आणि 55 पराभव, जायंट्स व पायरेट्स प्रत्येकी 98 विजय आणि 56 पराभव. सहा महिने खेळून तीन संघांत एका सामन्याचे अंतर. 23 सप्टेंबरचा सामना जायंट्सच्या खात्यात गेला असता, तर फेरसामन्याची गरजच पडली नसती, हे खरे आहे. पण त्या तारखेनंतर जायंट्सच्या हातात दोन आठवडे होते, आणि त्यांनी ते कसे घालवले ते पाहा. फिलाडेल्फियाच्या हॅरी कव्हलेस्की नावाच्या बावीस वर्षांच्या नवख्या डावखुऱ्या पिचरने (पिचर म्हणजे बेसबॉलमधला गोलंदाज) पाच दिवसांत त्यांना तीनदा हरवले. एका संघाला, एका आठवड्यात, एकाच माणसाने! त्यांपैकी एक जरी सामना जिंकला असता, तर जायंट्सच अजिंक्य ठरले असते आणि मर्कलचे नाव आज कोणी घेतले नसते. याला आपल्याकडे चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात.

त्याच दिवसांत कब्ज काय करत होते? 26 सप्टेंबरला ब्रुकलिनविरुद्ध एकाच दिवशी दोन सामने होते. एड रॉयलबाकने दोन्ही सामन्यांत पूर्ण पिचिंग केले आणि दोन्हींत प्रतिस्पर्ध्याला एकही धाव करू दिली नाही : 5-0 आणि 3-0. मग 4 ऑक्टोबरला शिकागोत पायरेट्सशी गाठ पडली. पायरेट्स तो सामना जिंकते तर अजिंक्यपद त्यांचे होते, कारण त्यांचा हंगाम तिथेच संपत होता. तीस हजारांवर प्रेक्षकांसमोर कब्जने 5-2 असे हरवले. जायंट्सने बोस्टनविरुद्धचे उरलेले तिन्ही सामने जिंकले, तेव्हा कब्ज आणि जायंट्स 98-55 वर बरोबरीत आले, आणि लीगच्या संचालक मंडळाच्या आदेशानुसार तो अडकलेला सामना पुन्हा खेळणे आले.

लिंबोणी

एक बाळबोध शंका विचारते. सगळीकडे 1-0, 2-1, 4-2 अशाच धावसंख्या दिसतात. तेव्हाच्या फलंदाजांना मारता येत नव्हते का?

आकडेमोड

मारता येत होते, पण चेंडू साथ देत नव्हता. तो आजच्यासारखा टणक नव्हता, आणि एकच चेंडू शक्यतो अख्खा सामना चाले, त्यामुळे शेवटी शेवटी तो काळवंडून, मऊ पडून चिंचेच्या गोळ्यासारखा होत असे. पिचरला चेंडूवर थुंकी लावण्याची मुभा होती. 1908 मध्ये लीगची फलंदाजीची सरासरी, म्हणजे दर संधीमागे यशस्वी फटके, .239 इतकी खाली होती, आणि त्यात पिट्सबर्गच्या होनस वॅग्नरने .354 ची सरासरी राखली, यावरून त्याची योग्यता ओळखावी. धावा इतक्या दुर्मीळ असल्यामुळे एका धावेवर हंगाम फिरणे हे त्या काळात नवल नव्हते.

बांधावरचा

या धाग्यावर मी इतका वेळ वाचक होतो, पण कब्जचा मुख्य पिचर मॉर्डेकाय ब्राउन याच्याविषयी कोणीच लिहिले नाही, म्हणून राहवले नाही. त्याला ‘तीन बोटांचा ब्राउन’ म्हणत. इंडियाना राज्यातल्या शेतावर लहानपणी त्याच्या उजव्या हाताची तर्जनी वैरण कापण्याच्या यंत्रात गेली. म्हणजे आपली कडबाकुट्टीच. पुढे जखम भरत असतानाच तो पडला आणि उरलेली बोटे मोडून वाकडी जुळली. त्या वाकड्या बोटांतून सुटणारा चेंडू शेवटच्या क्षणी असा खाली बुडत असे की धडधाकट हाताच्या पिचरला ते साधत नसे. 1908 मध्ये त्याने 29 सामने जिंकले आणि 9 हरले.

आमच्या गावात कडबाकुट्टीने बोटे घेतलेली निदान चार माणसे मी पाहिली आहेत. माझ्या चुलत्यांचे मधले बोट पेरापासून गेले आहे. विडी ते तर्जनी आणि अनामिका यांच्या मध्ये धरतात, आणि भाकरी मोडताना ते अर्धे बोट ताटाबाहेर ठेवतात. ब्राउनचे छायाचित्र पाहिले तेव्हा मला आधी खेळ आठवला नाही, चुलत्यांचा हात आठवला.

तिरकस

बांधावरचा, फार सुंदर लिहिले आहे, यावर विनोद सुचत नाही. म्हणून दुसरी माहिती देतो. कब्जचे टिंकर आणि एव्हर्स ही जोडी बेसबॉलमध्ये दंतकथा झाली आहे. चेंडू एकाकडून दुसऱ्याकडे आणि दुसऱ्याकडून चान्सकडे, पापणी लवायच्या आत. हे दोघे 1905 पासून एकमेकांशी बोलत नव्हते, आणि कारण होते घोडागाडीचे भाडे! भाऊबंदकीत बांधाच्या वादावरून अबोला धरलेली घरे मी पाहिली आहेत, पण अबोला धरून वर्षानुवर्षे इतके बिनचूक काम करणारी माणसे पाहिलेली नाहीत.

शेवंता

8 ऑक्टोबरचा सामना कोणी सांगणार आहे की मीच सांगू? सांगते.

सामना सुरू होण्याच्या कितीतरी आधी मैदान भरून दरवाजे बंद झाले होते. ज्यांना आत जाता आले नाही ते शेजारच्या टेकडीवर, झाडांवर, उंचावरून जाणाऱ्या रेल्वेच्या खांबांवर चढून बसले, आणि त्यांतला एक जण खाली पडून मेला. ब्राउनला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रे आली होती. जायंट्सकडून ख्रिस्टी मॅथ्यूसन होता, ज्याने त्या हंगामात 37 सामने जिंकले होते, पण तोपर्यंत त्याचा हात थकला होता. कब्जने पिचिंगला जॅक फिस्टरला आणले, तो पहिल्याच डावात डगमगला, एक धाव गेली, आणि कप्तान चान्सने लगेच ब्राउनला बोलावले. ब्राउन त्या चिडलेल्या गर्दीतून वाट काढत मैदानात आला. तिसऱ्या डावात टिंकरने मॅथ्यूसनला तीन बेसचा फटका मारला, आणि त्या डावात कब्जच्या चार धावा झाल्या. 23 सप्टेंबरला कब्जची जी एकमेव धाव होती, तीही टिंकरनेच मॅथ्यूसनला होम रन मारून काढली होती, हे लक्षात घ्या. सातव्या डावात जायंट्सचे तिन्ही बेस भरलेले आणि एकही गडी बाद नाही, अशी संधी आली. ब्राउनने फक्त एक धाव दिली. सामना 4-2.

मर्कल मैदानात उतरलाच नाही. टेनीची कंबर बरी झाली होती.

त्यानंतरची विश्वमालिका मात्र फारच सपक झाली. कब्जने डेट्रॉइट टायगर्सना 4-1 असे हरवले, आणि डेट्रॉइटमधला शेवटचा सामना पाहायला जेमतेम 6,210 माणसे आली. लग्नाचा सगळा थाट सीमांतपूजनातच संपावा, तसे झाले.

लिंबोणी

पुलियम या अध्यक्षांचे पुढे काय झाले? दोन्ही बाजूंनी त्यांनाच शिव्या मिळाल्या असणार.

निवृत्त पंच

मिळाल्याच. जायंट्सना विजय हवा होता, कब्जना सामना बहाल करून हवा होता, आणि पुलियम यांनी पंचाचा निकाल कायम ठेवून सामना बरोबरीचा धरला. जुलै 1909 मध्ये त्यांनी स्वतःचे आयुष्य संपवले. बऱ्याच ठिकाणी या मृत्यूचे खापर या एका निकालावर फोडलेले आढळते, ते मला पटत नाही. ते आधीपासून आजारी होते आणि त्या वर्षी रजेवरही गेले होते. माणसाच्या मनात काय चालले होते, ते धावफलकावरून काढू नये.

नदीकाठ

सर्वांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण आकडेमोड यांच्या प्रतिसादाने माझे मत निम्मे बदलले आहे. हंगाम मर्कलने घालवला नाही, हे आता मला आकड्यांनी पटले. जायंट्सचे व्यवस्थापक जॉन मॅग्रॉ यांनाही ते पटले असावे. ते स्वभावाने अत्यंत तापट म्हणून प्रसिद्ध, पण त्यांनी मर्कलला कधी दोष दिला नाही, उलट त्याचा पगार वाढवला. ब्रिडवेलने तर म्हातारपणी, तो फटका आपल्याकडून बसलाच नसता तर बरे झाले असते, असे म्हटले होते.

मर्कल पुढे अनेक वर्षे मोठ्या लीगमध्ये खेळला, आणि नशीब तरी कसे पाहा. पाच विश्वमालिका खेळला, पाचही हरला. त्यांतली 1918 ची तर कब्जकडून खेळताना! 1912 मध्ये बोस्टनविरुद्ध निर्णायक सामन्याच्या दहाव्या डावात त्याच्याच फटक्यावर जायंट्स 2-1 असे पुढे गेले होते. आणखी तीन गडी बाद झाले असते, तर 1908 पुसले गेले असते. तेवढ्यात फ्रेड स्नॉडग्रासच्या हातून एक सोपा झेल सुटला, बोस्टन जिंकले, आणि त्या दिवसापासून नवा ‘गुन्हेगार’ स्नॉडग्रास ठरला. निवृत्तीनंतर मर्कल फ्लोरिडात राहिला आणि बेसबॉलपासून दूरच राहिला. 1950 मध्ये जुन्या खेळाडूंच्या दिवशी तो पोलो ग्राउंड्सवर आला, तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो 1956 मध्ये गेला.

पण निकालाविषयी माझे मन अजून डळमळते. शेवंता यांची दवंडीची सूचना मला न्याय्य वाटते.

निवृत्त पंच

दवंडीविषयी मीही थोडा नरमलो आहे, हे कबूल करतो. 4 सप्टेंबरनंतर लीगने परिपत्रक काढायला हवे होते. पण ते लीगचे काम, ओडेचे नव्हे.

माझी खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती मी इतका वेळ दाबून ठेवली होती. ब्रिडवेलने मारलेला चेंडू आर्टी हॉफमनने मैदानातून फेकला. तो एव्हर्सपर्यंत पोचण्याआधी जायंट्सचा जो मॅकगिनिटी, जो खेळत नव्हता, बाजूला उभा राहून सूचना देत होता, तो मध्ये पडला, त्याने चेंडू हिसकावला आणि प्रेक्षकांत भिरकावला, असे बहुतेक वर्णनांत आहे. त्यानंतर एव्हर्सच्या हातात आलेला चेंडू कोणी म्हणते प्रेक्षकाकडून परत मिळवलेला होता, कोणी म्हणते कब्जच्या थैलीतून काढलेला दुसराच होता. बेसजवळचा पंच बॉब एम्सली तर ब्रिडवेलचा फटका चुकवताना जमिनीवर पडला होता, त्याने काहीच पाहिले नाही. मर्कल दुसऱ्या बेसला शिवला नाही, एवढे ओडेने पाहिले. पण एव्हर्सच्या हातात तोच चेंडू होता, हे त्याने पाहिले होते का?

शेवंता

पंचकाका, हे आधी सांगितले असते तर मी एवढे टंकलेच नसते!

आंबाडी

आमच्या वाड्यातल्या त्या प्रसंगातही नंतर असे निघाले की आपटलेला डबा आमचा नव्हताच, शेजारच्या देशपांडेकाकूंचा रॉकेलचा होता.